‘जीव नकोसा झालाय’ याचं इंग्रजी

[दृश्य : राजारामपुरीतलं घर. टेबलावर लॅपटॉप, शेजारी जुनी फाईल.]

कोल्हापुरात संध्याकाळचे साडेसात. न्यू जर्सीत हिवाळ्यातले सकाळचे नऊ. पडद्यावर तिकडच्या मानसशास्त्रज्ञ बाई, मधे दुभाषी, इकडे आई. मुलीची मुलाखत आधीच झालीय. आईला विचारायचंय ते एवढंच : लग्नाआधी ती कशी होती आणि फोनवरचं बोलणं कधीपासून बदललं?

हे अमेरिकेतल्या इमिग्रेशनच्या, म्हणजे तिथं राहायच्या परवानगीच्या, प्रकरणासाठी होणारं मानसिक मूल्यमापन. व्हिसासाठी मुंबईला जाऊन करतात ती मेडिकल वेगळी. हे औषधपाणीही नव्हे. सांगितलेल्या घटना आणि मनावर दिसणारा परिणाम एकमेकांशी जुळतात का, ते अहवालात येतं. अर्ज मंजूर करायचा की नाही, ते अधिकारी ठरवतो.

तपासायचं कुणाला, इथंच पहिली गफलत होते. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला असून छळत असेल, तर बायको त्याच्या सहीशिवाय स्वतः अर्ज करते : फॉर्म आय-३६०. तिथं तपासणी तिची. नवरा नुसता एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असेल तर मात्र ही वाट बंद.

दुसरं प्रकरण उलटं. अमेरिकेत मुदत संपल्यावरही वर्षभर किंवा जास्त राहून भारतात परत आलेल्याला पुन्हा तिकडं जायला १० वर्षांची बंदी लागते. ती उठवायचा फॉर्म आय-६०१. माणूस कोल्हापुरात अडकलेला, पण तपासणी तिकडच्या नागरिक बायकोची. कारण ताटातुटीचा ‘एक्स्ट्रीम हार्डशिप’, म्हणजे टोकाचा त्रास, तिला सोसावा लागतो, हे दाखवायचं असतं. लोक इथल्या डॉक्टरकडून नवऱ्याच्याच नैराश्याचं पत्र आणतात. तेवढ्यावर भागत नाही.

[दृश्य : प्रश्नावलीचा कागद जवळून.]

प्रश्नावल्या ठरलेल्या. पीएचक्यू-९ नैराश्यासाठी, ९ प्रश्न, २७ गुण. पीसीएल-५ आघातानंतरच्या त्रासासाठी, २० प्रश्न, ८० गुण. ३१ ते ३३च्या पुढं गेलं की खोलात जाऊन तपासतात. ८० पैकी ८० पाडून घेतले की केस भक्कम होते, हा गैरसमज. सगळ्याच चौकटीत ‘खूप जास्त’ दिसलं की तपासणाऱ्याला शंका येते.

खरी अडचण भाषेची. ‘जीव नकोसा झालाय’ हे आपल्याकडं सासरच्या कटकटीलाही म्हणतात आणि खरोखर मरणाचा विचार आला तरीही. पीएचक्यूचा नववा प्रश्न नेमका त्याच विचाराचा. दुभाष्यानं शब्दशः इंग्रजी केलं तर वैताग आत्महत्येच्या रकान्यात जातो. ‘वैतागलीय’ म्हणून सोडून दिलं तर खरा धोका निसटतो. म्हणून वाक्य आहे तसं सांगायचं आणि बाईंना पुढचा प्रश्न विचारू द्यायचा. दुभाषी घरचा नको, हेही त्यासाठीच. मामासमोर मुलगी सगळं बोलत नाही.

‘नवरात्रात अंगात येतं’ असं कुणी सहज सांगितलं, तर अनोळखी कानाला तो भास वाटू शकतो. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात रुग्णाची संस्कृती समजून घेण्यासाठी १६ प्रश्नांची मुलाखत दिलीय. ती घेतली का, हे वकिलामार्फत विचारायला लाजू नये.

कागदांचं थोडक्यात. मानसोपचाराच्या नोंदी मागण्याचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २५नं दिलाय. दाखल रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरांनी ३ वर्षं ठेवायची असतात, त्यामुळं उशीर नको. मराठी कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ‘भाषांतर पूर्ण व अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात’ असं भाषांतरकाराचं सहीचं निवेदन. नुसता नोटरीचा शिक्का त्याची जागा घेत नाही. नातेवाइकांची पत्रं प्रत्येकानं आपापल्या शब्दांत लिहावीत. एकाच मजकुराखाली चार सह्या लगेच ओळखू येतात. आणि कृपा करून यातलं काही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. जावईही त्यात असतो.

[दृश्य : पुन्हा आई.]

तारखा आपण सणांवर लक्षात ठेवतो. आई सांगते, “गणपतीत फोन आला, तेव्हा ती पहिल्यांदा रडली.” २०२२ला गणपती बसले ३१ ऑगस्टला, २०२३ला १९ सप्टेंबरला. मुलीच्या जबाबात ऑगस्ट आणि आईच्या पत्रात सप्टेंबर आला, की अधिकारी तिथंच बोट ठेवतो.

दुभाषी विचारतो, “कुठल्या वर्षीचे गणपती?”

आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघते. ते यंदाचं आहे.