डर्बनला जाल तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला निघाला असाल, तर माझी एक आग्रहाची विनंती आहे. नुसत्या किनाऱ्यावरून परत फिरू नका. समुद्र देखणा आहेच. आपलाच हिंदी महासागर तो, आणि जुलैच्या थंडीतही त्यात उतरता येतं. पण त्याला दोन दिवस पुष्कळ झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉरिकच्या बाजारात जा. सोबत माहितगार स्थानिक माणूस मात्र हवा. मुळ्या आणि साली मांडून बसलेल्या झुलू वैद्यांना 'सानिबोनानी', म्हणजे नमस्कार, म्हणा, मग पुढे मसाल्यांच्या दुकानांकडे वळा. मसाल्यांचा तो वास ओळखीचा वाटेल. १६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रुरो' हे जहाज मद्रासहून या बंदरात आलं. उसाच्या मळ्यांत राबायला करारावर आणलेले मजूर त्यात होते. १९११ पर्यंत अशी दीड लाखावर माणसं आली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांचं हे शहर आहे.

भूक लागली की 'बनी चाव' खा. पाव कोरून त्यात गरम मटणाचा नाहीतर घेवड्याचा रस्सा भरलेला असतो. हातानंच खायचं, कोरून काढलेला गर रश्शात बुडवत.

आणि मग इनांडा. शहराच्या उत्तरेला आहे, अर्धा दिवस हाताशी ठेवा. १९०४ मध्ये गांधीजींनी इथं फिनिक्स आश्रम वसवला. 'इंडियन ओपिनियन' हे त्यांचं साप्ताहिक इथंच छापलं जायचं. १९८५ च्या दंगलीत गांधीजींचं घर जळालं, पुढे ते पुन्हा उभारलं. तिथून जवळच जॉन डुबे यांची ओहलांगे शाळा आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे डुबे हे पहिले अध्यक्ष. १९१२ च्या नोव्हेंबरात आपले गोपाळ कृष्ण गोखले गांधीजींबरोबर या शाळेत येऊन गेले. पुण्याचा माणूस इथवर आला होता, हे आठवलं की मला आजही भरून येतं.

२७ एप्रिल १९९४. नेल्सन मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं, ते याच शाळेत. वय ७५. डुबे यांची कबर तिथंच आहे. मतदानाच्या दिवशी मंडेला तिच्यापाशीही गेले होते. तुम्हीही जा. घाई करू नका, थोडा वेळ तिथं थांबा.