दिवाळीतला बावटा

[दृश्य: पहाट. देवगड बंदर. होडीला होडी लागून उभी.]

डिसेंबर २०१७. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला ६८ परक्या होड्या लागल्या. ६६ केरळच्या, २ तमिळनाडूच्या. त्यांवर ९५२ माणसं होती. ओखी वादळानं दिवसभरात असं रूप पालटलं, की समुद्रात असलेल्यांना परत फिरायला सवडच मिळाली नाही. हे ९५२ जण वाचले. दक्षिणेतले शेकडो मच्छीमार घरी परतले नाहीत.

अरबी समुद्राची ओळख अशी नव्हती. चक्रीवादळं म्हटलं की बंगालचा उपसागर, ओडिशा, आंध्र. आपल्याकडे पावसाळ्यात दर्या खवळायचा, नारळी पौर्णिमेला त्याला नारळ दिला की शांत व्हायचा, आणि मग मे महिन्यापर्यंत तो कोळ्यांचा. होडी चालवणाऱ्या तांडेलांचं पंचांग पिढ्यान् पिढ्या याच भरवशावर चाललं.

[दृश्य: चूल. पितळी पातेलं.]

चुलीवर रिकामं पातेलं ठेवा, क्षणात हात पोळेल. तेच पाण्यानं भरून ठेवा. जाळ तेवढाच, पण पाणी किती वेळ कोमटच राहतं. समुद्र हेच करत आलाय. आपण सोडलेल्या वायूंनी पृथ्वीवर जी जादा उष्णता कोंडली, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रानं पोटात घेतली. जमिनीवर आपल्याला जाणवतो तो उरलेला ताप.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्राचा हिशेब मांडलाय. चार दशकांपूर्वीपेक्षा त्याचं वरचं पाणी १.२ ते १.४ अंशांनी तापलंय. आकडा एवढासा दिसतो. पण २००१ ते २०१९ या काळात इथली चक्रीवादळं आधीच्या १९ वर्षांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात मात्र ती थोडी घटली.

वादळ जगतं वाफेवर. तापलेल्या पाण्याची वाफ वर चढते, थंड होऊन तिचे ढग होतात, आणि तिच्यातली उष्णता मोकळी होऊन वादळाला आणखी बळ देते. पाणी जितकं ऊन, तितकं हे चक्र जोरात. म्हणून हल्लीची वादळं नुसती जास्त नाहीत, ती झपाट्यानं उग्र होतात. इशारा द्यायला आणि तो ऐकून बंदर गाठायला वेळ कमी पडतो. मच्छीमाराच्या जिवाशी थेट गाठ आहे ती इथे.

[दृश्य: मोडून पडलेल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं.]

३ जून २०२०. निसर्ग वादळ रायगडात जमिनीवर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव मोठं. पण पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. आजोबांनी लावलेली बाग एका दुपारी गेली, तर ती भरपाईच्या कागदावर कशी मोजायची? पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. मुंबईपासून दूर समुद्रात कामगारांच्या राहण्याचा पी-३०५ हा तराफा बुडाला, त्यावरचे अनेक कामगार गेले.

[दृश्य: पाण्याखाली. पांढरी पडलेली प्रवाळं.]

वादळ निदान दिसतं. खाली जे चाललंय ते दिसत नाही. रश्श्यावर तर्री तरंगते तसा गरम पाण्याचा थर वर बसतो. खालचं गार, सकस पाणी वर यायला अडतं. त्या सकसपणावर वाढणारं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, उपाशी राहतं, आणि तारली-बांगड्यासारखे मासे तर प्लवकावरच पोसलेले. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तापलेल्या पाण्यानं लक्षद्वीपची प्रवाळं १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये पांढरी पडली. दोन तडाख्यांमध्ये सावरायला जो काळ हवा, तोच मिळत नाही.

[दृश्य: पुन्हा बंदर. होडीत बर्फ भरला जातोय.]

२०१९ मध्ये अरबी समुद्रात ५ चक्रीवादळं झाली. ऐन दिवाळीत क्यार आलं, ते ओसरतंय तोवर महा. दोन वादळं एकाच वेळी समुद्रात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ते दिवस ठरलेले. घर त्या हिशेबानं चालतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे बुडालेले दिवस मात्र कुठल्याच हिशेबात धरलेले नसतात. डिझेलचे पैसे दिलेले असतात, खलाशांना उचल दिलेली असते, जाळी तुणून तयार असतात.

आणि बंदरावर वादळी वाऱ्याचा इशारा देणारा ३ नंबरचा बावटा चढतो.

तांडेल होडीच्या नाळेवर बसून त्याच्याकडे बघत राहतो. खणात बर्फ विरघळत असतो.