डिस्क नव्वद टक्के भरली, आता हातात वेळ किती?

आज अलार्मवर बोलायचंय आणि उदाहरण अ‍ॅमेझॉन रेडशिफ्टचं (मोठ्या डेटाच्या विश्लेषणासाठीचा क्लाउडवरचा डेटाबेस) घेते, कारण गेली काही वर्षं माझं रोजचं काम त्यावरच चालतं.

आमचे नोड, म्हणजे रेडशिफ्टच्या क्लस्टरमधली मशीन्स, डीसी२ प्रकारचे होते, म्हणजे डेटा नोडच्याच एसएसडीवर. क्लाउडवॉचमध्ये, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्याच देखरेखीच्या सेवेत, अलार्म लावलेला, डिस्क ९० टक्क्यांच्या वर सलग तीन वेळा दिसली की मेल, आणि दर वेळी पाच मिनिटांची सरासरी. एका रात्री कुणीतरी दोन मोठी टेबलं जोडली आणि जॉइनची अटच लिहायची राहिली. अशा क्वेरीत पहिल्या टेबलची प्रत्येक ओळ दुसऱ्याच्या प्रत्येक ओळीशी जुळवली जाते, ते मेमरीत मावत नाही, मग रेडशिफ्ट तात्पुरता डेटा डिस्कवर टाकत सुटतो. मेल आला तेव्हा डिस्क पूर्ण भरलेली, रात्रीचे सगळे डेटा लोड फसलेले. आकडा ९० चा की ८५ चा यावर आम्ही नंतर खूप भांडलो, पण खरं सांगू का, चूक त्या तीन गुणिले पाच, पंधरा मिनिटांच्या वाट पाहण्यात होती.

डिस्क दोन तऱ्हेने भरते हो. एक हळूहळू, टेबलं वाढतात, डिलीट केलेल्या ओळी व्हॅक्यूम (साफसफाई) होईपर्यंत जागा अडवून बसतात. तिथे ७५ टक्क्यांना साधा मेल पुरतो, सकाळी येऊन बघा. दुसरी ही अशी, झपाट्याने, आणि तिला डिस्कचा अलार्म पुरतच नाही, तिला क्वेरीपाशीच अडवायचं. डब्ल्यूएलएममध्ये, म्हणजे रेडशिफ्ट क्वेरी रांगेत लावतो त्या भागात, क्वेरी मॉनिटरिंग रूल असतात, नेस्टेड लूपच्या (वरच्यासारख्या प्रत्येकाशी प्रत्येक जुळवणीच्या) ओळी किंवा डिस्कवर सांडलेले एक एमबीचे ब्लॉक ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की लॉग (फक्त नोंद), हॉप (दुसऱ्या रांगेत) किंवा थेट अबॉर्ट (क्वेरी रद्द). आधी आठवडाभर लॉगवरच ठेवा, नाहीतर एखादी महिनाअखेरची चांगली क्वेरी मरेल.

सीपीयूचं मात्र वेबसर्व्हरवरून उचलून ८० टक्के लावू नका, प्लीज. एक मोठी क्वेरी सगळ्या नोडवर एकदम पळते, सीपीयू शंभरला गेला तर तो कामच करतोय. त्यापेक्षा डब्ल्यूएलएमची रांग बघा, माणसं थांबलीत का ते तिथे कळतं.

हेल्थ स्टेटस हे क्लस्टर ठीक आहे का ते सांगणारं मेट्रिक, म्हणजे मोजमाप, दर मिनिटाला एक साधी क्वेरी चालवून १ (ठीक) किंवा ० (बिघाड) देतं. पण डेटाच आला नाही तर? डीफॉल्ट सेटिंगमध्ये अलार्म ‘इनसफिशंट डेटा’ मध्ये जातो, आणि एसएनएस, म्हणजे मेल पाठवणारी सेवा, बहुतेकांनी फक्त ‘अलार्म’ स्थितीला जोडलेली असते, म्हणजे कुणालाच काही कळत नाही. या एका मेट्रिकला तरी डेटा नसणं म्हणजे बिघाड असं धरायला सांगा, क्लस्टर मुद्दाम पॉज करत असाल तर त्या वेळेपुरत्या अलार्मच्या अ‍ॅक्शन बंद करा.

आणि अलार्मचं डिस्क्रिप्शन रिकामं ठेवू नका. चालू क्वेरी एसटीव्ही रीसेंट्स या सिस्टिम टेबलमध्ये कशा बघायच्या, कोणती मारायची, कुणाला विचारून मारायची, हे तिथेच मराठीत लिहा, रात्री तीनला झोपेतून उठलेला पोरगा तेवढंच वाचणार आहे.