गाडी स्टार्ट होत नाहीये? परत परत सेल्फ मारू नका, आधी आवाज ऐका

नमस्कार मंडळी! चावी फिरवली आणि गाडी चालू नाही झाली की आपण काय करतो, परत फिरवतो, अजून एकदा फिरवतो, आणि बॅटरीत उरलेली थोडीफार ताकदपण घालवून बसतो. प्लीज असं करू नका. एकदाच सेल्फ मारा आणि नीट कान देऊन ऐका, कारण अर्धं निदान तिथेच होतं.

कटकटकटकट असा भराभर आवाज येतोय? मग बॅटरी उतरलीये. होतं असं की सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा विजेवर चालणारा स्विच) खेचला जातो, स्टार्टर मोटर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, एकदम 100 च्या वर अँपिअर मागते, बॅटरीला ते झेपत नाही, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, सुटला की व्होल्टेज परत वर येतं आणि परत तेच. पण लगेच नवीन बॅटरी घ्यायला धावू नका हां! बोनेट उघडा आणि बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे प्लस-मायनसला वायर जोडलेली असते ती टोकं, हाताने पिळून बघा. जरा जरी हललं तरी दोष तिथे असू शकतो. पांढरी-हिरवट पावडर जमली असेल तर गरम पाणी, खायचा सोडा आणि जुना टूथब्रश, बास. फक्त काढताना मायनस आधी आणि लावताना मायनस शेवटी, नाहीतर प्लस खोलताना पाना बॉडीला टेकला की सरळ शॉर्ट.

मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र) असेल तर अजून सोपं. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी फुल, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

एकच ठक आवाज आला आणि पुढे शांत, तर हेडलाइट लावून परत एकदा सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाले तर बहुतेक बॅटरी किंवा टर्मिनल, तसेच लख्ख राहिले तर संशय स्टार्टरवर.

काहीच आवाज नाही पण डॅशबोर्ड पेटतोय? क्लच पूर्ण दाबा, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून न्यूट्रलमध्ये ट्राय करा.

आणि इंजिन मस्त फिरतंय पण पकडत नाहीये, तर बॅटरीला दोष देऊ नका, पेट्रोल किंवा स्पार्क बघा. चावी फक्त ऑनवर ठेवा, पेट्रोल गाडी असेल तर मागून पंपाची दोनेक सेकंद बारीक गुणगुण येते, ती नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाला करंट जोडणारा छोटा स्विच) चेक करा. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चावीच ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा. आणि एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, स्टार्टर तापतो.

आता जम्पर केबल, इथे मात्र घाई नको. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडते, ती तिथे नकोच.

गाडी चालू झाली की लगेच व्होल्टेज बघा. 13.8 ते 14.5 च्या आसपास असेल तर चार्जिंग चालू आहे. 12 च्या आसपासच अडकलं असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चार्ज करत नाहीये, एसी आणि म्युझिक बंद करा आणि मध्ये कुठेही इंजिन बंद न करता सरळ मेकॅनिककडे न्या.