खिम्याचा लोफ, भरीत आणि कळण्याची भाकरी

नमस्कार श्रोतेहो. रविवारी खिमा घरी आला की पुढचं ठरलेलंच असतं: वाटाणे घालून परतलेला खिमा, नाहीतर गोळ्यांचा रस्सा. आज त्याच खिम्याचा मीटलोफ करू. म्हणजे खिम्यात ब्रेड, अंडी, कांदा कालवून एक लांबट गोळा थापायचा, ओव्हनमध्ये भाजायचा आणि कापून वाढायचा. अमेरिकेत हे घरोघरचं रात्रीचं जेवण. 1930च्या दशकातल्या मंदीत थोडं मांस जास्त पानांना पुरवायला त्याचा मोठा आधार झाला. तिथे तो बहुतेक गाईच्या, कधी डुकराच्या मांसाचा करतात. आपण बोकडाचा करणार, आणि पहिली अडचण तिथेच येते.

बोकडाचं मांस मुळात कमी चरबीचं. नुसत्या रानाचा, म्हणजे मांडीचा, खिमा भाजला तर तो कोरडा ठणठणीत होतो. म्हणून खाटकाला नीट सांगा: 800 ग्रॅम खांद्याचं मांस, 200 ग्रॅम सीना, म्हणजे छातीचं मांस, चरबीसकट, आणि मशीनमधून एकदाच काढा. दोनदा काढला की त्याचा लगदा होतो. गुर्द्याभोवतीची चरबी नको. तिला उग्र वास येतो आणि लोफ जरा निवला की ती टाळूला चिकटते. आणखी एक. घरी आणलेला खिमा चाळणीत धुवायची आपल्याकडे सवय आहे. इथे ती सोडा. धुतलेल्या खिम्यात पाणी राहतं, आणि भाजताना तेच बाहेर येऊन लोफ भाजण्याऐवजी उकडला जातो. धुवायचंच तर मांस अख्खं असताना धुऊन, पुसून खिमा काढून घ्या.

आता कागद-पेन घ्या. 1 किलो खिमा सहा जणांना पुरतो. आदल्या दिवशीचा ब्रेड कडा काढून 100 ग्रॅम, दूध 150 मिली, अंडी 2, बारीक चिरलेले मध्यम कांदे 2, लसूण 12 पाकळ्या, आलं इंचभर, हिरव्या मिरच्या 4, मूठभर कोथिंबीर. मीठ 15 ग्रॅम, म्हणजे चहाचे अडीच सपाट चमचे. आणि आपला काळा मसाला, चहाचे 2 चमचे. हात सैल सोडू नका. काळ्या मसाल्यातलं खोबरं आधीच खरपूस भाजलेलं असतं; तासभर ओव्हनमध्ये राहिलं की ते करपतं आणि वरचा थर कडू लागतो. ज्यांना झणझणीत हवं त्यांच्यासाठी रस्सा आहे, तिकडे येतोच.

कांदा कच्चा घालू नका. 2 मोठे चमचे शेंगदाणा तेलात तो गुलाबी होईपर्यंत परता, शेवटी आलं-लसूण-मिरचीचा ठेचा घालून मिनिटभर हलवा आणि पूर्ण गार होऊ द्या. कच्चा कांदा आत पाणी सोडतो आणि त्या जागी लोफ फुटतो. ब्रेड दुधात 10 मिनिटं भिजवून हाताने कुस्करा, पिळू मात्र नका. ते दूधच तर हवंय. भिजलेला ब्रेड मांसाच्या कणांमध्ये बसतो, त्यामुळे आच लागल्यावर ते एकमेकांना घट्ट आवळत नाहीत आणि रस आत राहतो.

ब्रेडमध्ये अंडी, कांदा, मसाला, कोथिंबीर एकजीव करून घ्या. मग फ्रीजमधला गार खिमा आणि सगळ्यात शेवटी मीठ. बोटं फाकवून फार तर मिनिटभर कालवा. कणीक मळतात तसं मळलं की संपलं: मीठ आणि रगडणं मिळून मांसातली प्रथिनं चिकट होतात आणि लोफ रबरासारखा चिवट होतो. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45च्या घरात जातो. अशा दिवसांत खिमा तासभरही ओट्यावर ठेवू नका. मीठ-तिखट बघायला कच्चं चाखायचं नाही. सुपारीएवढा गोळा चपटा करून तव्यावर पूर्ण भाजा आणि तो खाऊन बघा.

लोफ भाजायला केकचा डबा वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. डब्यात लोफ स्वतःच्याच चरबीत शिजतो आणि कडा पांढरट राहतात. ट्रेला तेल लावून त्यावरच 22 सेंटिमीटर लांब, 11 रुंद आणि 6 उंच असा थापा. ओल्या हाताने वरून गुळगुळीत करा, भेगा बुजवा. ओव्हन 180 अंशांवर 15 मिनिटं आधी तापवलेला हवा. 45 ते 50 मिनिटं भाजा. मधूनमधून दार उघडून बघायचा मोह टाळा. बाजूने पांढरा फेस येईल; ती मांसातली प्रथिनं आहेत, पुसून टाकली की झालं.

मग वरचा लेप: अर्धी वाटी टोमॅटो केचप, 2 मोठे चमचे किसलेला गूळ, 1 मोठा चमचा व्हिनेगर, 1 छोटा चमचा नंदुरबारी लाल मिरचीपूड. हा सुरुवातीला लावला तर गूळ जळतो. शेवटची 15 मिनिटं राहिली की लावा. लाल, चकचकीत, कडेला बुडबुडे येणारा थर दिसला पाहिजे. मधोमध थर्मामीटर 71 अंश दाखवेल तेव्हा काढा. चिकनचा खिमा असेल तर 74. थर्मामीटर नसेल तर मध्यभागी सुरी खुपसून बघा, रस लालसर असेल तर अजून 5 मिनिटं. पण रंगावरून अंदाजच येतो, खात्री थर्मामीटरचीच.

ओव्हन नसलेल्यांनी जाड बुडाच्या मोठ्या भगोन्यात मिठाचा बोटभर थर, त्यावर स्टँड, त्यावर ताटली, असं 10 मिनिटं तापवून, घट्ट झाकून मंद ते मध्यम आचेवर भाजावा. मिश्रण अर्धंच घ्या आणि दोन लहान लोफ एकामागून एक करा. वरून रंग कमी येतो. तो शेवटी तव्यावर आणा.

काढल्यावर 15 मिनिटं हात लावू नका. गरम कापला की रस ताटात आणि लोफ चुरा. मग धारदार सुरीने दोन-दोन सेंटिमीटरचे काप करा.

या 15 मिनिटांत रस्सा होतो. ट्रेमधला रस भगोन्यात काढा, 1 मोठा चमचा कणीक त्यात खमंग परता, अर्धा चमचा काळा मसाला, आवडीप्रमाणे तिखट आणि दीड वाटी गरम पाणी घालून उकळी आणा. मिठाची चव बघूनच मीठ घाला. ट्रेमधला रस मुळात खारट असतो. अमेरिकेत सोबत कुस्करलेले बटाटे असतात. आपल्याकडे जळगावच्या हिरव्या वांग्यांचं भरीत त्यापेक्षा चांगलं जमतं, कारण भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास गुळाच्या गोडीला तोलतो. भरितात लसूण-मिरची नेहमीपेक्षा कमी घाला, आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी गरमच वाढा.

उरलेला लोफ दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. गार काप तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लाल करून पावात घातले, कच्चा कांदा आणि लिंबू सोबत ठेवलं, की दुसऱ्या दिवशीच्या डब्याची सोय झाली.