स्वीडनला दत्तक गेलेल्या मुलींना पाळी इतक्या लवकर का आली?

(नकाशा. भारतातून निघालेली रेषा स्वीडनपर्यंत जाते.)

काही दशकांपूर्वी भारतातल्या अनाथाश्रमांतून बऱ्याच मुली स्वीडनमध्ये दत्तक गेल्या. गेल्या तेव्हा त्यांतल्या कित्येक जणी वयाच्या मानाने खुरटलेल्या होत्या. तिथे पोटभर सकस खायला मिळालं, सारखी आजारपणं थांबली, खाल्लेलं अंगी लागलं. मुली भराभर वाढल्या. आणि मग काहींना अगदीच कोवळ्या वयात पाळी आली.

स्वीडनमधल्या उप्साला इथल्या डॉक्टरांनी अशा 107 मुलींची माहिती जमवून 1991 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या निम्म्या मुलींना 11.6 वर्षांच्या आतच पाळी आली होती. सर्वांत लहान मुलगी जेमतेम सात वर्षांची होती! स्वीडिश मुलींची सरासरी तेव्हा 13 वर्षं होती, तर भारतातल्या सुखवस्तू शहरी मुलींची त्याहून थोडी कमी. याच मुली इथल्या गरिबीत राहिल्या असत्या, तर बहुतेकींना चौदा उलटल्यावर पाळी आली असती.

नुसतं चांगलं खाणं एवढंच कारण असतं, तर या मुली स्वीडिश मुलींच्या बरोबरीला आल्या असत्या. त्या तर त्यांच्याही पुढे गेल्या. आल्या तेव्हा ज्या जास्त खुरटलेल्या होत्या आणि नंतर ज्यांनी झपाट्याने भर काढली, त्यांना पाळी सर्वांत लवकर आली. आधीची उपासमार आणि मागून आलेली सुबत्ता, दोन्ही मिळून हे घडलं.

वयात येण्याचा हुकूम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सुटतो. बालपणभर हा भाग जवळपास गप्प असतो. अंगात चरबीचा साठा झाला, की चरबीच्या पेशींतलं लेप्टिन नावाचं संप्रेरक तशी वर्दी मेंदूला देतं. म्हणून कुपोषित मुलीची पाळी लांबते आणि वजन वाढलेल्या मुलीची बहुधा लवकर येते.

(डाव्या हाताचा एक्स-रे, अगदी जवळून.)

बोटांच्या हाडांच्या टोकांशी ही बारीक काळी फट दिसते ना, ती कूर्चा. हाड वाढतं ते इथेच. वयात येताना शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं आणि हळूहळू ही फट बुजते. मुलगी लवकर वयात आली, तर फटही लवकर बुजते आणि उंची थांबते. स्वीडनमधल्या त्या मुली मोठेपणी सरासरी 154 सेंटीमीटरवरच राहिल्या.

लवकर वयात येणं दत्तक मुलींपुरतंच नाही. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनमध्ये 1991 ते 2006 या 15 वर्षांत मुलींची छाती भरायला लागण्याचं सरासरी वय सुमारे एका वर्षाने खाली आलं. 2020 च्या टाळेबंदीनंतर इटलीतल्या आणि आपल्या पुण्यातल्याही डॉक्टरांकडे फार लवकर वयात येणाऱ्या मुली एकाएकी वाढल्या. वाढलेलं वजन, बंद पडलेलं खेळणं, बिघडलेली झोप, घरातला ताण, अशा सगळ्याच गोष्टींकडे संशोधक बघताहेत. पण घरोघरी बोल लागतो तो आईलाच: "तूच नको ते खायला घातलंस." हे ऐकलं की फार वाईट वाटतं.

आपल्याकडे दुसरं टोकही आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी घरांत मुलगी "शहाणी" झाली, की तिच्या लग्नाचं बघायला लागतात. फडावर तिला सांभाळायची कशी, ही आईबापांची भीती खोटी नसते. पण पाळी आली म्हणून ती बाई होत नाही, मग ती बारा वर्षांची असो की पंधरा. तिची शाळा सुटते ती या गैरसमजापायी.

आठ वर्षं पुरी व्हायच्या आत मुलीच्या छातीत गाठ लागली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते डाव्या हाताचा असाच एक्स-रे काढायला सांगतील, गरज पडली तर रक्त तपासतील. प्रत्येकीला औषध लागत नाही. लागलंच, तर पाळी लांबवणारी इंजेक्शनं आहेत. आणि पाळी म्हणजे काय, हे तिला सातवी-आठवीपर्यंत थांबून नका सांगू, चौथीतच सांगा.