लेकीचं नाव लिहून घ्या

(दृश्य : दिंडोरी तालुका. द्राक्षबागेत सकाळची फवारणी.)

गोडी छाटणी झाली, डोळे फुटले, की नाशिकचा बागायतदार आभाळाकडे बघू लागतो. ढग दाटले की फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर. पानावर डाऊनी रोगाचा डाग दिसेपर्यंत इथं कुणी थांबत नाही.

(दृश्य : पेठ, सुरगाण्याहून मजुरीला आलेल्या बायका.)

याच बागेत राबणाऱ्या बायकांशी निवांत बोला. पांढरं जातंय, पाळी जाऊन दोन वर्षं झाली तरी मध्येच लाल दिसतंय. सांगायचं कुणाला? सगळं अंगावर काढायचं. मग एक दिवस डॉक्टर सांगतात, पिशवीचा कॅन्सर.

नेमकं सांगायचं तर तो पिशवीच्या तोंडाशी, म्हणजे गर्भाशयमुखाशी होतो. २०२२ या एका वर्षात भारतात अंदाजे १ लाख २७ हजार बायकांना तो झाला. जवळपास ८० हजार दगावल्या. त्याच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू आहे. तो शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून घरात त्याचं नाव निघत नाही. पण तो इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध न आलेल्या बाईलाही. बाईच्या वागणुकीवर बोट ठेवायचं इथं काही कारण नाही, कुणीही ठेवू नये. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. काहींच्या आत ठाण मांडतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊन बाहेर येतो.

दहापैकी सात वेळा या कॅन्सरमागे एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोनच प्रकार असतात. एचपीव्हीची लस त्यांना अडवते. तिच्यात विषाणूचं नुसतं रिकामं कवच असतं, त्यामुळे तिच्यापासून लागण होत नाही. मात्र आत शिरलेला विषाणू ती घालवू शकत नाही. म्हणून ती लागण होण्याआधीच द्यायची, वय ९ ते १४. पुण्यात तयार झालेली देशी लस २०२३ पासून मिळते आहे.

एक डोस पुरतो का? याच्या उत्तरात आपल्या बार्शीचाही वाटा आहे. २००९ मध्ये देशात अनेक ठिकाणी एक अभ्यास सुरू झाला : दोन डोस द्यावेत की तीन? २०१० मध्ये लसीकरण अर्ध्यावर थांबलं आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढे दहा वर्षं त्यांची तपासणी होत राहिली. एका डोसचं संरक्षण टिकून होतं!

(दृश्य : अंगणवाडीचा ओटा. आशाताई आणि एक आई.)

"पोरगी सहावीत आहे ताई, आत्ताच कशाला?"

"सहावीत आहे म्हणूनच. आणि तुमचं वय काय?"

"चौतीस."

तिशीनंतर आईची तपासणी. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक आम्ल लावतात. बिघडलेली जागा मिनिटभरात पांढरी दिसते. कॅन्सर होण्याआधीचा हा डाग, तिथंच बरा करता येतो.

(दृश्य : वही जवळून. लेकीच्या नावाखाली आशाताई आईचं नाव लिहितात.)